बाकड्यावरची जागा

"सरको जरा, आदमी है."

एवढंच म्हणायचा चाचा. खांद्यावरचं फडकं काढून बाकड्याचं टोक पुसायचा आन बसलेल्याच्या खांद्याला दोन बोटं लावायचा. बाकडं चार माणसांचं. त्याच्यावर पाचवा बसायचा, कधी सहावा. औरंगपुऱ्यातल्या त्या जुन्या बारात तुमच्यातलं कुणी गेलं असंल, तर तुमच्या बी खांद्याला ती बोटं लागली असतील. कबूल करू नका, घरचे वाचतील. मला तर लिहिता येत नाय, नात लिहून घेतीय. बारचं म्हणल्यावर दोनदा थांबली.

निजामाच्या टायमाला तिथं शिंदीचं दुकान व्हतं म्हणं. मग देशी आली, मग विलायती, मग डोक्यावर पंखा आला. मालक तीन झाले. बाकडी मात्र तीच, आन त्यांच्यावर माणसं बसवणारा चाचा बी तोच. स्वतः थेंब शिवला नाय त्यानं. मी एकदा म्हणलं, "चाचा, चव तरी माहीत हाय का?" तर म्हणला, "तुम्हारा मुँह देख के मालूम पड़ जाती."

चिकलठाण्याला कंपन्या आल्या आन आमच्यासारखे मेंढरांमागचे लोक मशिनीवर उभे ऱ्हायले. पहिल्या दिवशी भोंगा वाजला तसा मी दचकून मेंढरं हाकल्यावानी "हर्रर्र" केलं. सुपरवायझर दोन पावलं मागं सरला.

मशिनीवर माझा जोडीदार सुदाम. बौद्धवाड्यातला, दहावी झालेला. माझा रजेचा अर्ज तोच लिहायचा, मी अंगठा लावायचो. एका वर्षात त्यानं माझी आजी तीनदा मारली. पहिली पाळी सुटली की आम्ही एका सायकलवर औरंगपुऱ्यात. चाचा आम्हाला एकाच बाकड्यावर दाबून बसवायचा. शेजारी कोण, कुठला, कुणी इचारत नव्हतं.

मग नामांतराचं पेटलं. विद्यापीठाचं नाव बदलायचं का नाय, यावरून खेड्यात घरं जळली. सुदामच्या मावशीचं घर आमच्याच गावात. ते बी जळालं. मी त्या दिवशी गावातच व्हतो. घरात, आतून कडी लावून. सुदामनं मला त्याचं कधी इचारलं नाय, मी बी सांगितलं नाय.

थोड्या दिवसांनी दुपारचा बारात बसलो व्हतो. संगं भावकीतले दोघं, गावाकडून आलेले. तेवढ्यात दारात सुदाम. चाचानं टोक पुसलं, माझ्या खांद्याला बोटं लावली.

"सरको जरा, आदमी है."

भावकीतल्या दोघांनी माझ्याकडं पाहिलं. माझ्या शेजारी जागा व्हती. मी माझा जेवायचा डबा उचलला आन त्या जागेवर ठेवला.

सुदाम डब्याकडं पाहत ऱ्हायला. "असू द्या चाचा, मला जायचंच व्हतं," म्हणला आन गेला.

भावकीतल्या एकाला तेवढ्यावर चैन पडंना. त्यानं गल्ल्यावरच्या मालकाला हाक मारली. "शेठ, हा म्हातारा कुणाला बी आमच्या मांडीला मांडी लावून बसवतो. उद्या काचा फुटल्या तर आम्हाला नका बोलू."

मालक घाबरला. दिवसच तसले. त्यानं मला इचारलं, मी रोजचा गिऱ्हाईक म्हणून, "खरं का रे? जबरदस्ती करतो का हा?"

खरं सांगितलं असतं तर म्हातारा वाचला असता. पण सगळा बार माझ्या तोंडाकडं पाहत व्हता, आन तसं कुणी पाहिलं की माझ्या जिभेला खाज सुटती. म्हणलं, "जबरदस्ती कसली शेठ! मेंढवाड्यात मेंढरं कोंबावं तसं कोंबतो. परवा तर मी बें करून ओरडलो!"

असला हसला बार. तेवढं मी जन्मात कुणाला हसवलं नव्हतं.

मालक म्हणला, "चाचा, उद्यापासून इचारून बसवा. कोण हाय, कुठला हाय."

चाचा म्हणला, "इस उमर में ये पूछना नै सीखा जाता, सेठ." फडक्याची घडी केली, गल्ल्यावर ठेवली, चपला घातल्या आन भर दुपारी निघून गेला. माझ्याजवळूनच गेला. मी हसतच व्हतो. तोंड मिटंना.

सुदाम पुढं दहा वर्षं माझ्याच मशिनीवर व्हता. अर्ज लिहून द्यायचा. "कारण काय टाकू?" एवढंच बोलणं. आजी काय परत मेली नाय.

विद्यापीठाचं नाव बदललं, त्याच्यानंतर कधीतरी कळलं की चाचा चिकलठाण्याला लेकीकडं असतो. गेलो. वाटंनं पाठ करत गेलो, "चाचा, त्या दिवशी मी खोटं बोललो." खाटेवर पडून व्हता, नजर गेलेली. आवाजावरून वळखलं. "अरे, तू! बैठ. कुछ सुना यार, भोत दिन से हँसा नै मैं."

मग काय, ऐकवलं. सासऱ्याच्या नव्या गाडीवर बसून मी थेट उकिरड्यात कसा गेलो ते. चाचा खोकला येईस्तोवर हसला. लेक पाणी घेऊन पळत आली. मनात म्हणलं, जाऊ दे, पुढल्या येळी सांगू. तीनदा गेलो, तिन्हीदा हसवून आलो.

चौथ्यांदा गेलो तर खाट अंगणात, भिंतीला उभी करून ठेवलेली.

लेकीनं आत बोलावलं. चहा ठेवला. म्हणली, "अब्बा ने वो काम क्यों छोड़ा, कभी बोले नै. तुमको मालूम है क्या?"

मालूम हाय म्हणलं. सांगितलं, डब्यापासून. मेंढराचं आलं तव्हा माझ्या बोलण्यात आपसूक तो जुना हेल आला, हसवायचा. ती हसली नाय. चहाचा कप माझ्यासमोर ठेवून आत गेली.

मला तो पिता बी येईना, आन उठता बी येईना.