मावशीला मी पाच वाजता बोलावलं

नवी मुलगी आली की जनामावशी आधी तिचे पाय बघायची. नाव, कॉलेज, सगळं नंतर. "चपला काढ," म्हणायची आणि बाजारात मासळी निरखावी तशी दोन्ही पावलं निरखून निकाल द्यायची. "हिचं पाऊल रुंद हाय, ही चिखलात बुडायची न्हाय." किंवा, "ही हलकी हाय पन घाबरट हाय. हिला मी धरीन." मग ती मुलगी सहा आठवडे तिचीच होऊन जायची.

भाईंदर पूर्वेला खाडीच्या पाण्याचा आणि तिवरांचा अभ्यास करणारं आमचं छोटंसं केंद्र आहे. दर मे महिन्यात पर्यावरणशास्त्राच्या चार विद्यार्थिनी तिथे इंटर्नशिपला येतात. त्यांना शिकवणं माझं काम. जनामावशी खारी गावची. नवऱ्यामागे होडी विकल्यावर ती आमच्याकडे मदतनीस म्हणून लागली. बाटल्या धुवायच्या, चिखलात फळी टाकायची, मुलींना पाण्यापर्यंत नेऊन आणायचं.

मी खपून तक्ते आणि स्लाइड्स बनवायचे. जेवायच्या सुट्टीत मात्र मुली मावशीच्या डब्याभोवती. केबिनमध्ये मला त्यांचं हसणं ऐकू यायचं. "मॅम, तुम्हीपण या ना," असं एखादी म्हणायची. "काम आहे," म्हणून मी एकटीच पोळीभाजी खायचे. खरं तर मी रत्नागिरीची, सुकी मासळी म्हणजे माझा जीव. तरी गेले नाही.

त्या वर्षी ऋचा नावाची मुलगी मांडीपर्यंत चिखलात रुतली. मी काठावरून ओरडत होते, "हलू नकोस! कुणीतरी दोरी आणा!" मावशीने फळी टाकली, तिच्यावर स्वतः पालथी पडली, सरकत ऋचाच्या कानाशी गेली आणि म्हणाली, "चिखलाशी भांडू नको गो. त्याच्यावर निज. पाठ टेक." ऋचाने पाठ टेकली. हळूहळू पाय सुटले. काठावर आल्यावर ती रडत मावशीच्या गळ्यात पडली. मी टॉवेल हातात धरून बाजूला उभी होते.

मुलगी सुखरूप आली याचा आनंद झाला, नाही असं नाही. पण शांती नगरला घरी जाताना रिक्षात मला सारखा तो टॉवेलच आठवत होता.

शेवटच्या आठवड्यात अहवाल तपासायला घेतले. चौघींनी आभार मानले होते. चौघींच्या आभारात पहिलं नाव जनामावशीचं.

निरोपाचा कार्यक्रम दुपारी तीनला ठरला होता. आदल्या दिवशी मावशी बाटल्या धूत होती तिथे जाऊन मी म्हटलं, "मावशी, उद्या मुलींचा निरोप आहे. पाचला या."

तिने मान वर केली. "पाच?"

"हो, पाच."

"बरं."

कार्यक्रम छान झाला. ऋचा माझ्याबद्दल भरभरून बोलली. मावशीचं नाव कुणी काढलंच नाही. याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. साडेचारला मुली गेल्या.

पाचला मावशी आली. ठेवणीतलं लुगडं, चापून बांधलेला अंबाडा, हातात स्टीलचा डबा.

"गेल्या पोरी?"

"वेळ बदलली हो मावशी. तुम्हाला सांगायचं राहिलं." खोटं किती पटकन तोंडात आलं.

"असू दे. ह्यो डबा तुला हाय. सुक्या जवल्याची चटनी. तू कवा आमच्यात बसलीच न्हाय."

आठवड्याने ऋचाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "मॅम, वेळेचा काही गोंधळ झाला होता का? आदल्या संध्याकाळी आम्ही मावशीकडे जेवायला गेलो होतो. कार्यक्रम तीनला आहे असं सांगितलं, तर म्हणाली, मॅडमनं पाच सांगितलंय, मी पाचलाच येनार. आणि आम्हाला दमच दिला. उद्या माझं नाव काढायचं नाही, उद्याचा दिवस तुमच्या मॅडमचा."

मी फोन ठेवला. मग मावशी बाटल्या धूत होती त्या मोरीपाशी गेले.

"मावशी, तुम्हाला ठाऊक होतं."

तिचा हात थांबला नाही. "मना तीन लेकी हायत. एकीला जवल घेतलं की दुसरी रुसतेच. तू पन रुसलीस. रुसलेल्या पोरीशी घड्यालावरून भांडायचं न्हाय."

मला माफी मागायची होती. ती म्हणाली, "त्या बाटल्या पुसून ठेव." मी पुसत बसले.

पुढच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि मावशीने काम सोडलं. तिच्या निरोपाला मी आजवरच्या सगळ्या मुलींना कळवलं. नऊजणी आल्या, काही तर पार पुण्याहून. एकेक जण तिला बिलगत होती, रडत होती, फोटो काढत होती. माझ्या मनातला हेवा गेला होता असं खोटं मी सांगणार नाही. पोटात तसंच दुखत होतं. पण त्या दिवशी मी केबिनमध्ये गेले नाही. नऊजणींच्या मागे, माझी पाळी येईपर्यंत उभी राहिले.