हक्कसोड पत्राचं दुसरं पान

"हाई पोर इंग्लिशमा शिकेल शे ना? इले मराठी वाचता येई का?"

हे मला विचारलेलं नव्हतं. मी मधे बसले होते आणि आम्ही विकत घेत होतो त्या घराच्या मालकांची बहीण माझ्या डोक्यावरून माझ्या आईला विचारत होती. नंदुरबारच्या रजिस्ट्री ऑफिससमोर, दस्त लिहिणाऱ्या काकांच्या पत्र्याच्या शेडखाली.

"येई ना," आई म्हणाली. मी मांडीवरची फाइल सरळ केली.

त्या फाइलमध्ये तीन महिने होते. माझ्या पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे, घराचा सिटी सर्व्हेचा उतारा. कर्ज माझ्या नावावर, पण खिडकीपाशी बोलायची आई. मी मागून कागद पुढे करायचे. सगळं जुळलं, तेव्हा बँकेच्या वकिलांनी एक गोष्ट काढली. घर मालकांच्या वडिलांचं. ते मृत्युपत्र न करता गेले, आणि एक मुलगीही आहे. तिचं हक्कसोड पत्र नसेल तर कर्ज नाही.

मी यादीत शेवटी लिहिलं, 'बहिणीची सही', आणि पुढे रिकामा चौकोन काढला.

"आखाजीला ती येईलच," मालक म्हणाले होते. "साडी घेऊ, सही घेऊ." आमच्याकडे हे असंच होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, पुरणपोळी खातात, आणि जाण्याआधी भाऊ त्यांना रजिस्ट्रीत घेऊन येतो. मीही मान हलवली होती. घाई मलाच होती. बँकेची मंजुरी शुक्रवारपर्यंतच होती, आणि भाड्याच्या खोल्या आम्हाला महिनाअखेर सोडायच्या होत्या.

आता ती सारंगखेड्याहून आली होती. नव्या साडीच्या पदरावर दुकानाचा स्टिकर तसाच होता. भाऊ झेरॉक्स काढायला गेलेला.

"ताई, दोन्ही पानांवर अंगठा द्या," काकांनी कागद सरकवले.

"अंगठा तुन्हा! माले सही येस. सातवीलगून शिकेल शे मी." ती हसली, काकाही हसले. "पन चष्मा घरच राही गया." आणि तिने कागद माझ्या मांडीवर ठेवले. "वाच बेटा. भाऊ काय वाची, त्याले धीर नही."

पहिलं पान सोपं होतं. नावं, वयं, पत्ता. 'चतुःसीमा'पाशी मी अडखळले. काकांनी न बघताच शब्द सांगितला. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने, यापुढे माझा अगर माझ्या वारसांचा सदर मिळकतीत कोणताही हक्क, हितसंबंध राहणार नाही. ते मी एका दमात वाचलं. कळणार नाही इतक्या वेगात वाचलं, आणि तसं वाचतेय हे मला माहीत होतं.

"मंग?" ती म्हणाली. "काय लिखेल शे?"

काका पेनाचं टोपण लावत-काढत होते.

"भाऊनी सांगं, फक्त नावनं काम शे. नगरपालिकानं." मग ती आईकडे वळून म्हणाली, "तुम्ही भाडेकरी येनार शेतस ना? चांगलं शे. लिंबना झाडनी काळजी ल्या. दर आखाजीले मन्हा झोका त्यालेच ऱ्हास."

तो कडुलिंब मी पाहिला होता. त्याच्या सावलीमुळेच मला ते घर आवडलं होतं. फांदीवर दोरीने घासून पडलेली खाच होती. ती कशाची, हे मी विचारलं नव्हतं.

आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच तिने बोलणं माझ्यावर सोडलं होतं. रस्त्यापलीकडे मालक झेरॉक्सचे कागद मोजत बाहेर आले. ती माझ्याकडे बघत होती, पेन हातात धरून, सही कुठे करायची ते मी बोटाने दाखवेन म्हणून.

शाळेत अहिराणी बोललं की उभं राहावं लागायचं. बाहेरच्या माणसांशी मी ती कधी बोलले नव्हते. मी बोलले तेव्हा काकांनीही वर पाहिलं.

"मावशी, ह्या कागदमा लिखेल शे, आते त्या घरमा तुन्हा काहीच वाटा नही. अन् ते घर आम्ही इकत ली ऱ्हायनूत."