घोंगडीत शिजलेलं म्हातारं

नवऱ्याचं नाव मी घेत न्हाई, पर डाक्टरच्या कागदावर पिराजी लिवल्यालं हाय, तवा तुमीच वाचून घ्या. मी बानूबाई. आमी हिंजवडीजवळच्या चांद्याचं धनगर. मेंढरं थोडीच उरल्यात, आन् त्यांना चरायला जागा म्हंजी दोन टावरच्या मधली पट्टी. तितला वाचमन हिंदीत वरडतो, आमचं म्हातारं मराठीत वरडतंय, मेंढरं निवांत चरत्यात.

ह्या मानसाचा सगळा जीव चरबीत. पालेभाजी दिसली की म्हननार, "मी काय मेंढरू हाय?" जत्रंला मेंढरू आमच्याकडनं जातंय, म्हनून पंगतीत चरबीचा पयला गोळा यांच्या ताटात, असा गावचा मानच हाय. पर ह्यांना त्यो मान घरीबी रोज पायजे!

शिमग्याच्या सुमाराला छातीत कळ आली. म्हातारं घामानं भिजलं, पांढरंफटक पडलं. पुण्याला नेलं, तितं नसंत जाळी बसवली. मागनं पौडला दाखवायला गेलो, तर डाक्टरीणबाईंनी चांगलं समजावून सांगितलं.

"आजोबा, नसेला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. चरबी, डालडा फार खाल्लं की रक्तात वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. त्यानं ते अस्तर बिघडतं, त्याच्याखाली चरबी शिरून साठत जाते आणि नस अरुंद होते. गोळ्या चुकवू नका आणि चरबी बंद करा. पुन्हा अशी कळ आली तर वाचायला वेळ मिळेलच असं नाही."

मी गोळ्यांची चिठ्ठी पदराला बांधली. ह्यांनी मातर त्यातलं 'साठते' तेवढंच ऐकलं.

धाकल्या दिराच्या घरनं, दादासाहेबाकडनं, मटनाचा रस्सा आल्याला. गार झाला तसा वर पांढरा थर धरला. ह्यांनी त्यात बोट घालून बघितलं, मग भांडं चुलीवर ठिवलं. थर इरघळला, तसे टुनकन उठले. "बाने, घावलं! चरबी गारठली की गोठती. आंग गरम ठिवलं की साठायची बातच न्हाई!"

झालं! भर चैतात घोंगडी आंगावर, डोक्याला कानटोपी, आन् बाजलं उन्हात. वर गरम पानी पित्यात आन् मला म्हनत्यात, "आता वाढ चरबी, बिनघोर." मी वरडून वरडून घसा बसवला. हिंजवडीला जानारी पोरं गाडी थांबवून फोटू काढाय लागली. त्यात दादासाहेबबी घोंगडी घिऊन शेजारी येऊन बसला.

"तुमाला काय झालंय, भावजी?" मी इचारलं.

"काय न्हाई वैनी. पर आदीच बंदोबस्त केल्याला बरा."

दोघं भाऊ उन्हात शिजतुयात आन् मला रातीला झोप न्हाई. ह्ये जरा खोकले तरी मी उठून छातीवर हात ठिवायची.

जत्रंचा दिवस आला. मेंढरू कापायचं काम यांचंच. घोंगडी पांघरून, घामानं निथळत कातडं सोलत हुते, शेजारी दादासाहेबबी घोंगडीतच. मी म्होरं जाऊन हुबी ऱ्हायले. "अवं, हात लावून सांगा, मेंढरू गरम हाय का गार?"

"गरमच की. आत्ता कापलंय."

"आन् गुरद्याभवतीची चरबी? पातळ हाय का घट?"

त्यांनी चाचपलं. परत चाचपलं. "घट हाय," म्हनले.

"मग! ह्यानं जल्मभर आंगावर लोकर वागवली. तुमची घोंगडी ह्याच्याच आंगावरच्या लोकरीची हाय न्हवं? त्याची चरबी इरघळली न्हाई, ती तुमची इरघळंल व्हय?"

सुरी तशीच हातात. मेंढराकडं बघितलं, घोंगडीकडं बघितलं. आदी दादासाहेबानं आपली घोंगडी गुमान काढली. मग ह्यांनी काढली. आत पाठभर घामोळ्या!

"बाने," लई बारीक आवाजात म्हनले, "मग मी मरनार का गं?"

माझा राग कुटल्या कुटं गेला. "मरताय कशाला? गोळ्या घ्या, बाई सांगत्यात तसं खावा. मला तुमच्यासंगं अजून लई भांडायचं हाय."

दुपारी पंगत बसली. वाढपी कैलास डावात चरबीचा गोळा घिऊन आला. ह्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"आवं नाना, मान हाय तुमचा!"

"मान ऱ्हाऊ दे." मग माझ्याकडं बघून म्हनले, "नुसता वास घिऊ का?"

"घ्या," मी म्हनलं.

डाव नाकाशी धरून डोळं मिटलं, ते उघडंनातच. सगळी पंगत खोळंबली. दादासाहेब वरडला, "दादा, नाकानंच संपवतुयास का काय!"

शेवटी डाव सोडला. मी घरनं फडक्यात बांधून आनल्याली मेथीची भाजी ताटात वाढली. डोळं पुसत पुसत त्यांनी ती खाल्ली, आन् ताट म्होरं करून अजून मागितली.