साहेबाची बिडी

गणपतनाना रोज दिवेलागणीला बिडी पेटवायचे, दोन झुरके मारायचे आन् ती साहेबाच्या कबरीवर ठेवायचे. "घे बाबा. परमुलखात तुला कोण इचारतंय." मंग शेजारी पणती. साहेबाला उष्टी बिडी कशी चालती, म्हणून म्या एकदा इचारलं, तर म्हणले, "ओढल्याबिगर पेटत न्हाई. तो समजून घेतो."

साहेब म्हंजी गोरा साहेब. गावाच्या वरल्या अंगाला त्याची दगडी कबर हाये. त्यानं लुटारूंपासून गाव वाचवलं आन् इथंच जीव सोडला, असं आम्ही आजापंजापासून ऐकत आल्तो. नानाच्या घराण्याकडं दिवाबत्ती. लोक नवसाला बिड्यांचा कट्टा आन् नारळ बोलायचे. माही तिसरी सोयरीक मोडली तवा म्या बी नवस बोलल्तो, आन् लग्न झालं. बायको अजून म्हणती, साहेबानं माणूस तरी बघून द्यायचा व्हता.

म्या जालना-जाफराबाद काळी-पिवळी जीप चालवतो. शाळा बाहेरूनच पाह्यली. एक दिवस जालन्यात एक म्हातारी गोरी बाई आन् तिच्यासंगं कॉलेजातल्या मॅडम जीपपाशी आल्या. आमच्या गावाला, साहेबाच्या कबरीवर जायचं म्हणल्या. बाई साहेबाच्या घराण्यातली व्हती. मला वाटलं, नवस फेडायला आली. जुन्या जालन्यातून हार घेतला, नानाला फोन केला. नाना नवा फेटा बांधून, अर्धं गाव घेऊन उभे. म्या घाईत हार मॅडमच्याच गळ्यात घातला.

मंग म्हातारी कबरीपाशी बसली. ती सांगत गेली, मॅडम मराठीत सांगत गेल्या. साहेब आयर्लंडच्या एका जहागीरदाराचा धाकला पोरगा. तिथं इंग्रजाचं राज, ह्याच्या पंथाच्या माणसाला फौजेत वर चढू देईनात. तवा तो ऑस्ट्रियाच्या बादशहाकडं जाऊन लढला. तिथून इकडं एका नवाबाच्या चाकरीला. आधी घोडेस्वारांचा सरदार, मंग दरबारात मानाची जागा, नवाबानवाबांत तह करून द्यायचा. नाना मान डोलवत व्हते, जसं काय सोताच्या पोराचं कौतुक चाललंय. म्या तर मधीच टाळी वाजवली.

मॅडमनी म्हातारीकडं पाह्यलं. म्हातारीनं हातानं खुणावलं, सांगा.

ह्या गावानं नवाबाचा सारा भरला न्हाई. तवा साहेबानं घरांची दारं बाहेरून लावली आन् माणसांसकट गाव पेटवलं. लुटारू बिटारू कुणी नव्हते. पुढं चार दिसांत तो इथंच तापानं मेला; गाव मागून नव्या माणसांनी वसवलं. त्यांच्या घरात ही गोष्ट पिढ्यान्पिढ्या दबक्या आवाजात सांगत आले, आन् म्हातारी माफी मागायला आल्ती.

टाळी वाजवलेले हात कुठं ठेवावं, मला कळंना. कारण कबरीच्या खालल्या अंगाच्या वावराला आम्ही जळकं वावर म्हणतो. नांगराला काळी राख निघती, भाजल्या मातीचे तुकडे निघतात. कुणाची तरी कडब्याची गंजी पेटली असंल, म्हणायचो. ते वावर माहं हाये. त्याच्यात बसून म्या इतके वर्सं भाकर खाल्ली.

म्हातारीनं नानासमोर हात जोडले. सारं गाव नानाकडं बघून राह्यलं. नानाचा आजा, बाप, सोता नाना, साऱ्यांची जिनगानी त्या पणतीत गेल्ती. दिवेलागण झाल्ती. नानानं खिशातून बिडी काढली, आगपेटी काढली. एक काडी हातात घेतली. ती त्यांनी परत आत घातली, आन् बिडी तशीच कोरी कबरीवर ठेवली.

"बाई, च्या घेऊन जा," नाना म्हणले. "तुमी कुठं काय केलंय."

दुसऱ्या दिवशी बी कोरीच बिडी. म्या म्हणलं, नाना, एवढं ऐकून बी ठेवता व्हय.

"परमुलखात मेलाय. कुणी तरी इचारावं," नाना म्हणले. "पण पेटता इस्तू त्याच्या हातात न्हाई द्यायचा आता."

पणती उचलून ते खाली माह्या वावरात गेले आन् तिथं लावली. मरंपर्यंत तिथंच लावत राह्यले.

औंदा हिवाळ्यात नाना गेले. आता बिडी म्या ठेवतो. मला बिडीचा नाद, दोन झुरके मारायचा मोह व्हतो, पण कोरीच ठेवतो. पणती बायको लावती. आन् जळक्या वावरात नांगर घालायचा म्हणलं की ट्रॅक्टरवाल्याला आधी चपला काढायला लावतो. तो मला येडा म्हणतो, पण काढतो.