पुलावरची राख

निवृत्त झालो, तरी जळक्या लाकडाचा वास आला की आंबेनळी घाटाखालचा तो छोटा पूल डोळ्यांसमोर उभा राहतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. चूक मात्र माझी होती, ती सांगतो.

घाटाखालच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका रिसॉर्टच्या मालकाने हौसेने अरुंद रुळांवर खरं वाफेचं इंजिन आणलं होतं आणि ते चालवायला नॅरोगेजवर नोकरी केलेला म्हातारा ड्रायव्हर ठेवला होता. ऐन उन्हाळ्यात एका दुपारी, शेवटच्या फेरीनंतर, ओढ्यावरच्या पुलाचे, रुळांखालचे लाकडी स्लीपर पेटले. इजा कुणाला झाली नाही. मी पंचनामा लिहिला: स्लीपर मधोमध, वरून जळालेले, टोकं आणि काठचं वाळकं गवत शाबूत.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला. रिसॉर्टच्या कुंपणामुळे ज्याची आमराईची वाट बंद झाली होती, असा गावातला एक वेल्डर "पूलच जाळतो तुमचा" असं चारचौघांत म्हणाला होता. त्या दुपारी तो तिकडे दिसलाही होता. मी त्याला बोलावून घेतलं.

त्याची आखातातली नोकरी ठरली होती. अडलं होतं ते पोलीस पडताळणीच्या दाखल्यावर, आणि तो अर्ज माझ्याच टेबलावर होता. गुन्हा दाखल झाला की नोकरी गेलीच.

"रागात बोललो साहेब. पन आग नाय लावली. आईला आडवाटेनं आमराईत नेत होतो."

"म्हणजे नुसतंच बोललास?"

"जाळायचा असता तर चारचौघांत बोललो असतो काय?"

उत्तर बिनतोड होतं, म्हणूनच मला झोंबलं. साहेबाला ठाण्यात बिनतोड उत्तर सोसत नाही. त्याला मी दोन तास बाकावर बसवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरचा जबाब घेतला. कागद भरायचा म्हणून विचारलं, "पूल ओलांडायचे काही नियम असतात का?"

म्हातारा सरसावून बसला. "असतात तर! पुलाआधी थांबायचं, शिट्टी द्यायची. मग मानसाच्या चालीनं जायचं. पुलावर ब्रेक मारायचा नाय. आगीला हात लावायचा नाय, इंजिनाखालच्या राखपेटीचं दार बंद..."

तो तिथेच थांबला. मी पंचनामा उघडला. मधोमध, वरून. माझंच अक्षर.

"साहेब," म्हातारा म्हणाला, "मालक म्हनले, पाव्हन्यांसमोर राख नको. म्हनून शेवटच्या फेरीनंतर रिकामं इंजिन नेताना राखपेटी पुलावरच झाडायचो. खाली पानी असायचं, विझायची. औंदा पानी आटलं, लाकूड सुकलं, इंगळ लाकडावरच राहिले. जन्मभर पाळलेला नियम मी मोडला. माझं लिहा. त्या पोराचा कागद कोरा ठेवा."

आपली नोकरी जाईल हे त्याला ठाऊक होतं. माझे डोळे भरून आले. वर्दीत असताना असं फारसं झालेलं नाही.

नोंद निष्काळजीपणाची झाली. मालक ड्रायव्हरला काढायला निघाला होता. "राख कुठे टाकायची नाही हे तुम्हीच सांगितलंत, ते जबाबात आहे," एवढं मी म्हणालो, आणि त्याने ड्रायव्हरला कामावर ठेवलं. पुढे आमराईची वाटही मोकळी झाली. वेल्डरची मी माफी मागितली आणि पडताळणीच्या अहवालावर त्याच्यासमोरच सही केली. जाण्याआधी तो आपलं वेल्डिंगचं मशीन घेऊन पुलावर गेला आणि म्हाताऱ्याने दाखवलं तसा, लाकडावर इंगळ पडू नयेत म्हणून, रुळांमध्ये लोखंडी पत्रा जोडून आला.

त्यानंतर कुणालाही प्रश्न विचारण्याआधी मी आपलाच पंचनामा पुन्हा वाचू लागलो.

परवा तो वेल्डर सुट्टीवर आला होता. खजुराचा डबा माझ्या हातात देत म्हणाला, "पूल बघून आलो साहेब. म्हाताऱ्यानं पुलाआधी इंजिन थांबवलं, खाली उतरून राखपेटीचं दार बघितलं, नि मग मला वर घेतलं."