रुमालाखालचा हात

बातमी कुठे सापडते याची मी एक यादी करून ठेवली होती. पाणवठा, न्हाव्याचा ओटा, धर्मशाळा, टपालाची कचेरी, आणि सर्वांत वर अमरावतीचा कापूसबाजार. कोणत्या वारी कुठे जायचं, काय विचारायचं, हे सगळं नीट मांडलेलं होतं. यादीत दोष काढायला जागा नव्हती. बातमी मात्र एकही मिळत नव्हती.

ते दिवस कापसाच्या तेजीचे होते. अमेरिकेत लढाई पेटली होती आणि विलायतेच्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाकडे डोळे लावून बसल्या होत्या. मी मुंबईच्या एका वर्तमानपत्राचा अमरावतीचा बातमीदार होतो. दर आठवड्याला सुवाच्य अक्षरात बाजारभाव कळवायचो. एके दिवशी संपादकांचं पत्र आलं. भाव आम्हाला तुमच्या आधी कळतात, वजन वाढवायला वऱ्हाडच्या कापसात पाणी कोण मारतं ते शोधून काढा. पुढल्या महिन्यात ते जमलं नाही, तर आम्ही दुसरा माणूस पाहू.

मी कामाला लागलो. बाजारात ज्याला त्याला विचारू लागलो, "कापूस कोण भिजवतं?" दलाल म्हणायचे शेतकरी, शेतकरी म्हणायचे दलाल. मी दिसलो की लोक हवापाण्याच्या गप्पा सुरू करत. त्यांतले एक पाटील, काळ्या मातीतले जुने शेतकरी, माझ्याशी फार गोड बोलायचे. "आमच्या गावात असं नाई होत जी," असं त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी ते टिपणंही सोडून दिलं.

मग मला एक युक्ती सुचली. आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे रुमालाखाली हात घालतात आणि बोटं धरून भाव ठरवतात. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. ही बोटांची भाषा आली की बाजाराची सगळी गुपितं आपल्या मुठीत, असा माझा हिशेब. मी पाटलांना म्हटलं, "मला शिकवता का?"

"या ना बाप्पा," म्हणून त्यांनी रुमाल पसरला. त्यांनी माझी बोटं धरली. हे विसरायला नको म्हणून मी त्यांचं एकेक बोट दाबून मनात घोकलं आणि शेवटी नीट समजल्याची खूण म्हणून अख्खा पंजा घट्ट दाबला.

"झाला!" शेजारचा दलाल ओरडला. "पंतांनी पाटलांचा गाडीभर कापूस घेतला!"

पंजा दाबला की सौदा पक्का, हे शिकवणीत पुढे येणार होतं म्हणे.

मी हसून सोडून द्यावं म्हटलं, पण कोणी हसलं नाही. दिलेला हात मागे घेणाऱ्याशी बाजारात पुन्हा कोणी बोलत नाही. आणि बाजार बोलेनासा झाला तर माझी बातमीदारी त्याच दिवशी संपली. मी कापूस घेतला. पैसे कसे उभे केले ते सांगत नाही. घरात अजूनही तो विषय निघाला की मी अंगणात जाऊन तुळशीला पाणी घालतो.

अमरावतीत माझा माल कोणी घेईना. प्रत्येक दलालाला वाटे, हा बातमीदार माल घ्यायला लावून आपल्यावर लिहिणार. शेवटी पाटील म्हणाले, "अकोल्याले तुमाले कोनी ओळखत नाई. चाला, माझीच गाडी हाय." अकोल्यापर्यंत मी माझ्याच कापसाच्या बोज्यांवर बसून गेलो. अकोल्याच्या अलीकडे, भर दुपारी, पाटलांनी नदीवर बैल सोडले, घागर भरून आणली आणि शांतपणे बोज्यांवर पाणी शिंपडायला सुरुवात केली.

"पाटील! हे काय करताय?"

"पानी मारून राहिलो."

"मी महिनाभर तुम्हाला काय विचारत होतो?"

"तुमी इचारत होते, कापूस भिजवतं कोन. म्या कुठं भिजवतो? उन्हानं वजन उडालं, ते वापस आनून राहिलो. काहून, तुमाले तोटा पायजे का?"

"आणि मला विकलात तेव्हा?"

"तवा बी आनलं होतं थोडंसं," पाटील म्हणाले.

अकोल्यात मी बोजे सोडून कापूस उन्हात वाळत घातला. पाटील कपाळाला हात लावून बसले. व्यापाऱ्याने वजन केलं आणि पाण्याची कपात धरली. मी म्हटलं, "माल सुका आहे, हात घालून पाहा." तो म्हणाला, "सुका असो की ओला, कपात सगळ्यांलेच आहे. पाणी मारत नाही त्याचं नशीब."

मग पाणी न मारणारा मूर्खच ठरतो. त्या दिवशी अकोल्यात असा मूर्ख एकच होता, आणि त्याच्याकडे दौत-लेखणी होती. धर्मशाळेच्या ओट्यावर बसून मी सगळं लिहिलं: पाणी कोण मारतं, का मारतं, आणि कपात सरसकट का धरतात. माल कोणाचा, हे लिहिल्याशिवाय मजकूर खरा वाटेना. म्हणून लिहिलं, "प्रस्तुत बातमीदाराचा." पाटलांचं नाव गाळलं. संपादकांनी ते जसंच्या तसं छापलं आणि दुसरा माणूस पाहण्याचं रहित केल्याचं कळवलं.

अंक अमरावतीच्या बाजारात मोठ्याने वाचला गेला. पाटील मला शोधत आले. मी माफीची दोन वाक्यं जुळवूनच ठेवली होती.

"पंत, पानी म्या मारलं," ते रागाने म्हणाले, "अन् छापून तुमचंच आलं! माझं नाव काहून नाई टाकलं?"

मी माफीची वाक्यं बदलू लागलो. तेवढ्यात त्यांनी मागे उभ्या असलेल्या एका लाजऱ्या शेतकऱ्याला पुढे ओढलं. "जाऊ द्या. हा माझा साडू. हा त कापसात माती बी घालते. याचं लिवा, पन नावानिशी."

साडू मध्ये रुमाल पसरून सांगायला बसला. मी उजव्या हाताने सगळं लिहून घेतलं. डावा हात मात्र शेवटपर्यंत पाठीमागे ठेवला होता.