पाण्याची वही

ताराचंद हेडाऊ यांनी खापरखेड्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं पाण्याचं तापमान लिहिलं. यंत्रं थंड करायला आत जाणारं पाणी किती अंश आणि बाहेर येणारं किती, दर तासाला, तिन्ही पाळ्यांत. निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी चहाच्या कपाला आधी बाहेरून बोट लावतात आणि म्हणतात, "साठ असंल." त्यांची मुलगी मिनल माझ्या वर्गात होती. तिनं एकदा खरंच थर्मामीटर बुडवून पाहिलं, तर एकसष्ट निघालं.

ताराचंदांचा चेहरा मात्र कायमचा पाळीवरून आल्यासारखा. "थकलेले दिसता," असं मी म्हटलं की सांगतात, "सर, मी लग्नातबी असाच दिसत होतो. फोटो हाय."

त्यांची मोठी बहीण प्रयागबाई महाल नावाच्या जुन्या वस्तीत राहते. तिला ते नुसतं 'बाई' म्हणतात. दोघं मूळची खापा गावची. आई लवकर गेली, म्हणून कन्हान नदीत ताराचंदला पोहायला शिकवलं ते बाईनं, मनगट धरून. ती एवढी घट्ट धरायची की मनगटावर वळ उठायचे. पुढे लग्न होऊन ती विणकरांच्या घरी आली आणि चाळीस वर्षं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. आता गुडघे वाकत नाहीत. तिनं आयुष्यात भावाकडे मागितलं ते एकच.

"मले समुद्रात बसव एकदा. पाहाचा नाही, टीव्हीत पाह्यला. बसाचं हाय."

ताराचंदांनी हे काम पाळीवरच्या कामासारखंच अंगावर घेतलं. मिनलनं इंटरनेटवरून कोकण किनाऱ्याचं दर महिन्याचं पाण्याचं तापमान काढून दिलं. त्यांनी ते नव्या वहीत उतरवलं. जानेवारीत सव्वीस, मार्चमध्ये अठ्ठावीस, मेमध्ये तीस. ऑगस्टात पुन्हा अठ्ठावीस, ऑक्टोबरात एकोणतीस. बाईचे सांधे थंडीनं धरतात, म्हणून त्यांनी मे महिन्याभोवती गोल केला.

तारीख बाईनं काढली. "अमावस्येले जाऊ. नदीत आपण तिथीलेच बुडी मारत होतो नं? मंग समुद्रात काहून नाही?"

ताराचंदांनी ती तारीख वहीत लिहून घेतली. वीज केंद्राच्या पाण्याला कधी तिथी नव्हती, आणि नदीच्या पाण्याला अमावास्येनं काही होत नाही. त्यामुळे विचारण्यासारखं काही आहे, हेच त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दोन गाड्या आणि एक बस करून बाई, ताराचंद आणि मिनल मेच्या शेवटच्या आठवड्यात कोकणात पोचली. प्रमोदिनीबाई नावाच्या एका विधवेच्या घरी दोन खोल्या घेतल्या होत्या. अमावास्येच्या सकाळी बाई नवी नऊवारी नेसून, डोक्याला तेल लावून अंगणात बसली, तेव्हा प्रमोदिनीबाईंनी विचारलं, "आज्जी, कुठे निघालात?"

"समुद्रात आंघोळीले."

"आज? अहो, आज अमावास्या. उधाण असतं. त्यातून पावसाळा तोंडावर आलाय. आमची माणसं होड्या ओढून ठेवतायत."

किनाऱ्यावर लाल बावटा होता. लाटा एवढ्या उंच नव्हत्या, पण परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेत होत्या. ताराचंद पँट दुमडून थर्मामीटर घेऊन उतरले. पारा तिसावर होता, वहीत होता तसाच. वाकून आकडा वाचतात तोवर पाय सुटले आणि ते गुडघ्यांवर आपटले. सुरक्षारक्षकानं शिटी मारली. एक चप्पल गेली ती गेलीच.

ते ओलेचिंब परत आले. बाई खुर्चीवर बसली होती, मिनल तिच्यामागे उभी.

"आज नाही, बाई."

"काहून? थंड हाय?"

"थंड नाही. ओढते."

"काठावर बसतो. तू धर मले."

"माहेच पाय राहिले नाहीत, तुले काय धरू?"

मिनल म्हणाली, "आत्या, मी बादली भरून आणते."

"बादलीनं तं मी महालातबी आंघोळ करतो वं," बाई म्हणाली.

प्रमोदिनीबाईंनी दुपारी समजावलं. अष्टमीच्या सुमारास भरती लहान असते, तिला इथे भांग म्हणतात. तेव्हा पाणी शांत असतं. पण ती अष्टमी आठ दिवसांवर, तोवर पाऊस लागणार. पुढे तीन-चार महिने कुणी पाण्यात पाय घालत नाही. "थंडीत या. डिसेंबर-जानेवारीत आमचा समुद्र तळ्यासारखा असतो."

परतीच्या प्रवासात वर्ध्याजवळ बाई एकदाच म्हणाली, "तेलबी लावलं होतं मी."

त्या पावसाळ्यात ताराचंद मला दोनदा भेटले. पहिल्यांदा वही दाखवली. तापमानाशेजारी तिथीचा रकाना आखला होता. "सर, एकतीस वर्षं आकडा बरोबर लिहिला. पाणी काय करून राहिलं, ते कोणी विचारलंच नाही मले." दुसऱ्यांदा त्यांनी वही उघडलीच नाही. ऑक्टोबरात जायचं ठरवलं होतं, पण बाईचा गुडघा सुजल्यानं ते राहिलं. ती अठ्ठ्याहत्तरची. जानेवारीत पाणी वर्षातलं सगळ्यात थंड, हे वहीत त्यांच्याच अक्षरात होतं, आणि त्यांना ते बाईला सांगायचं धाडस होत नव्हतं.

शेवटी मिनलनं सांगितलं. बाईनं भावालाच विचारलं.

"सव्वीस म्हणजे किती गा? आपल्या नळाचं किती असते सकाळी?"

"थंडीत? सतरा-अठरा."

"मंग ते तं गरम हाय. तू एवढा शिकेल माणूस, मले इतके महिने काहून बसवून ठेवलं?"

ताराचंद मेच्या तिसाशी तुलना करत बसले होते. महालातल्या नळाशी त्यांनी केलीच नव्हती.

जानेवारीतली अष्टमी धरून तिघं पुन्हा गेली. तेच घर, तीच खुर्ची. बावटा खाली उतरवलेला. ओहोटीच्या पाण्यावर नुसती सुरकुती होती. ताराचंद आणि मिनल यांनी बाईला दोन्ही बाजूंनी धरून नेलं आणि गुडघाभर पाण्यात खुर्ची ठेवली. बाई खुर्चीवर टेकली नाही. गुडघे वाकत नसताना ती हळूहळू, भावाच्या खांद्यावर सगळा भार टाकत वाळूवर बसली. पाणी कमरेपर्यंत आलं. ताराचंदांनी तिचं मनगट धरलं होतं.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "किती हाय?"

"सव्वीस."

"लिहून घे."

"वही खोलीवर हाय."

"मंग ध्यानात ठेव. आन् हात ढिला कर जरा, दुखून राहिला."

त्यांनी हात ढिला केला नाही, हे मला मिनलनं सांगितलं. बाईला उठवताना त्यांची कंबर धरली, ती अजून सुटलेली नाही. परवा आले तेव्हा भिंतीला हात लावतच खुर्चीत बसले. वही मात्र बरोबर होती. त्या दिवसाच्या ओळीत तारीख होती, अष्टमी होती, सव्वीस होतं. पुढे, जिथे पाळीवर असताना ते यंत्राचा शेरा लिहीत, तिथे लिहिलं होतं: 'बाई बसली. बारा मिनिटं.'